पाखऱ्याचा अर्धा पल्ला

मी एक जुना बैल आहे, मित्रांनो. माझ्या तोंडात आता मोजण्यासारखे दात उरले नाहीत आणि कुणी मोजायलाही येत नाही. एके काळी मात्र याच दातांवरून भर मैदानात वाद झाला होता. म्हाताऱ्याची बडबड समजा हवं तर, पण ऐका.

तेरजवळच्या एका गावात, वीरप्पांच्या गोठ्यात माझा जन्म झाला. माझं नाव हौशा. माझ्यानंतर काही महिन्यांनी पाखऱ्या जन्मला. तो अंगाने बारीक, पायाने चपळ आणि स्वभावाने अगदी भोळा. माझ्या गव्हाणीत तोंड घालून तो कडब्याची मऊ पानं पळवायचा. मी शिंग उगारायचो, पण कधी मारलं नाही. वीरप्पांची बायको शांतम्मा आम्हाला हाताने पेंड भरवायची. वीरप्पा कमी बोलणारे, पण शर्यतीचा नाद जबर. हलक्या छकड्याला जुंपून ते आम्हाला नदीकाठच्या पडीक रानात पळवू लागले. बघणारे म्हणायचे, "जोडी लई देखणी हाय." ते ऐकून आम्ही दोघं उगाच मान ताठ करायचो.

हैदराबाद राज्यातून सुटून आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या चैत्रातली ही गोष्ट. जत्रेत शर्यत होती आणि शर्यतीचे गट दातांवर ठरत. ज्याचे दुधाचे दात पडले नाहीत तो आदत. अशा वासरांना अर्धा पल्ला. ज्याला दोन पक्के दात आले तो दोन दाती. त्याला पूर्ण पल्ला. जोडीतला जो मोठा, त्याच्या गटात दोघांनी पळायचं. मोठा बैल लहानांत घुसवून कुणी बक्षीस लाटू नये, म्हणून हा नियम होता. नियमात काही वाईट नव्हतं.

आमच्याकडे आणखी एक रीत होती. देवळासमोर गुलाल टाकलेली जोडी न पळवता घरी न्यायची नाही. शहाणी माणसं आधी दात दाखवत आणि मग गुलाल टाकत. वीरप्पांना कुठला धीर! त्यांनी सकाळीच आमच्या पाठी लाल केल्या आणि मग आम्हाला बलभीमदादांपुढे उभं केलं. बलभीमदादा दात बघणारे पंच. त्यांनी माझा खालचा ओठ दाबला, हिरडीवरून अंगठा फिरवला आणि ते थांबले.

"वीरप्पा, ह्येला दोन दात आलेत."

"परवापरवापतुर न्हवते, दादा."

"आज हायती. हात लावून बघ."

वीरप्पांनी हात लावला नाही. पाखऱ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "पर धाकल्याचे दुधाचेच हायती की."

"म्हणून तर सांगतो. जोडी दोन दातीत जाईल, आन् पुरा पल्ला ह्येला झेपायचा न्हाय. घरी ने."

"गुलाल पडलाय, दादा. समद्या गावासमोरनं मागं कसा जाऊ?"

शांतम्मा छकड्यामागे उभी होती. चारचौघांत नवऱ्यापुढे ती सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"अवो, गुलाल म्या पुसते पदरानं. द्येव काय म्हणत न्हाय. पाखऱ्या ल्हान हाय."

वीरप्पांनी आम्हाला छकड्याला जुंपलं.

शेजारच्या छकड्याला थोराड बैल होते. इशारा झाला आणि आम्ही सुटलो. अर्ध्या पल्ल्याच्या खुणेपर्यंत आम्हीच पुढे होतो. पाखऱ्याला धावणं म्हणजे तेवढंच ठाऊक होतं, त्यामुळे खुणेपाशी तो सवयीने मंदावला. मागून वीरप्पांचा चाबूक बसला. मित्रांनो, जुवाला जुंपलेल्याला मागे राहता येत नाही. मी जितका पुढे गेलो, तितका तो ओढला गेला. त्याच्या तोंडाचा फेस माझ्या मानेवर उडत होता. शेवटचं निशाण दिसू लागलं आणि जू एकदम जड झालं. पाखऱ्या आधी गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला. बलभीमदादांनी धावत येऊन जू सोडवलं. शांतम्माने पाणी आणलं. त्याने ते घेतलं नाही.

वीरप्पांनी त्याला शेताच्या बांधाशी पुरलं आणि छकडा फोडून जळणात टाकला. शांतम्माशी ते त्या दिवसाबद्दल कधीच बोलले नाहीत. मी पुढे नांगर ओढला, मोट ओढली. जोडीला कितीतरी बैल आले, पण एकाशीही माझं सूत जुळलं नाही. मला पाखऱ्याची फार आठवण येते.

पुढच्या जत्रेत बलभीमदादांनी नियम कडक केला. जोडीचे दात सारखे नसतील, तर गुलाल असो वा नसो, जोडी परत. दोन-चार जोड्या परत गेल्या. लोकांनी दादांना आखडू म्हटलं, त्यांच्या तोंडावर नावं ठेवली. त्यानंतरच्या वर्षी दात बघायला दुसरा माणूस बसला. तो वासराच्या तोंडात बोट न घालताच मान डोलावतो, म्हणून सगळ्यांना आवडतो. ढोलांचा आवाज गोठ्यापर्यंत येतो, तेव्हा आज कुणाचं वासरू पडणार, एवढाच विचार माझ्या मनात येतो.

मित्रांनो, मला झेपत नाही हे मुक्या जनावराला सांगता येत नाही. ते माणसानेच त्याचं तोंड उघडून बघायचं असतं. तुमच्या मैदानात कुणी पंच एखादी जोडी परत धाडत असेल, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. आणि त्या जोडीची वाटेत थट्टाही करू नका. ती दोघं आपल्या पायांनी घरी चाललेली असतात.