आरशाचा तास

अंगठा हलत होता. तर्जनीकडे जरासा जायचा, तिला टेकायचा आणि परत फिरायचा. दोन बोटांत मोहरीचा दाणा धरून कुणी सावकाश वळत असावं, तसा. बाकी हात मोकळा होता, खांद्यापासून नीट सुटलेला. तो हात पहिल्या रांगेतल्या उंच मुलीचा होता, आणि डावा होता.

बाई तिच्या समोरच उभ्या होत्या. शाळांमधून नाटक शिकवायला जाणाऱ्या या मुलामुलींचा आरशाचा तास चालू होता. शिक्षकाने समोर उभं राहून हलायचं आणि वर्गाने त्याचा आरसा व्हायचं, इतकाच खेळ. सुरुवात मात्र न हलण्यापासून. पाय जमिनीवर, हात बाजूला, चेहऱ्यावर काही नाही. बाई त्याला शून्य म्हणत.

त्यांनी नजर मागच्या रांगेकडे नेली. तिथेही अंगठे हलत होते. खिडकीजवळच्या चष्मेवाल्याचा, त्याच्या शेजारणीचा, अगदी भिंतीला टेकलेल्या आळशाचासुद्धा. सगळे डावे. आरशात उजव्याचा डावा होतो. बाईंनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं नाही.

त्या मुळात विज्ञानाच्या. तरुणपणी शाळेत शिकवत असताना, उष्णतेने रेणू कसे पळतात हे फळ्यावर कितीही काढलं तरी कुणाच्या डोक्यात शिरेना, म्हणून त्यांनी बाकं भिंतीला लावली आणि पोरांनाच रेणू केलं. मुख्याध्यापकांनी दार उघडलं तेव्हा वर्ग उकळत होता. पुढे ती नोकरी सोडून त्या नाट्यशिक्षणाच्या अभ्यासाकडे वळल्या. हातचं सोडून पळत्यामागे लागली, असं वडील येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. बाई मात्र कुठल्या कुठल्या शाळांत मागच्या बाकावर बसून एकच गोष्ट पाहत राहिल्या: नाटक शिकवणाऱ्याकडून मुलं नेमकं काय घेतात? उत्तर त्यांच्या प्रबंधातून निघून आता पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं होतं. मुलं सूचना विसरतात आणि शिक्षकाचं अंग उचलतात. मान वाकडी ठेवणाऱ्या गुरुजींचा वर्ग राजाच्या भूमिकेतही मान वाकडी ठेवूनच चालतो. व्याख्यानात या उदाहरणाला हमखास हशा येई.

कंपवाताचं निदान गेल्या हिवाळ्यातलं. ते घरी फक्त दादाला माहीत होतं. थोरला भाऊ, वहिनी गेल्यापासून बाईंकडेच राहायला आलेला. बाईंना हात पाठीमागे धरून फिरायची सवय लागली, तेव्हा त्याने एवढंच म्हटलं, शेजारी विचारतायत, बाई कुठल्या खात्याच्या मंत्री झाल्या. त्या हसल्या. मग एकदा बातम्यांचा आवाज बारीक करून, पडद्यावरची नजर न काढता, त्याने विचारलं, कॉलेजात सांगितलंस का. सत्र संपू दे, बाई म्हणाल्या. सत्र संपलं. परीक्षा होऊ देत, म्हणाल्या. त्याही झाल्या.

“तुझा उद्या काही उजाडत नाही,” दादा म्हणाला होता.

उजाडू नये असंच बाईंना वाटत होतं. बैठका, परीक्षकाचं काम, इतरांचे प्रबंध वाचणं हे सगळं कुणीही केलं असतं. पण या लाकडी जमिनीवर अनवाणी उभं राहिलं की आपण कोण, हे त्यांना कुणाला सांगावं लागत नसे. त्या तासाआधी आठवणीने गोळी घेत. लांब बाह्यांचे कुडते त्यांनी मुद्दाम शिवून घेतले होते. वर्गात हात गप्प राहतो, अशी त्यांची खात्री होती.

त्यांनी टाळी वाजवून वर्ग मोकळा केला. उंच मुलीला जवळ बोलावलं आणि, सहज विचारावं तसं विचारलं, “हा अंगठा कुठून आणलास गं?”

“तुमचाच आहे ना, मॅडम. शून्यात तुम्ही हलवता तो.” मुलगी जराशी लाजली. “मला आधी जमतच नव्हता. मेसच्या रांगेत उभी राहून राहून बसवला.”

“आणि मग आमच्या मागे लागली,” चष्मेवाला म्हणाला. “मागच्या रांगेला दिसत नाही ना, मॅडम. हिने क्लासच घेतला आमचा. फी म्हणून चहा उकळला.”

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, हिला कशाचाही अभ्यासक्रम करायची सवयच आहे.

“पण लहान मुलं भारी असतात, मॅडम,” उंच मुलगी म्हणाली. “काल सरावाच्या शाळेत चौथीला शून्य शिकवलं. त्यांना हा अंगठा पहिल्याच दिवशी जमला. सगळ्या वर्गाला.”

बाईंनी मान हलवली. छान, म्हणाल्या. आज इथेच थांबू, असंही म्हणाल्या. तास अजून बराच उरला होता, त्यामुळे मुलं खूश होऊन चपला शोधायला पळाली.

सामानाच्या खोलीत त्यांची सहकारी चटया रचत होती. एकेकाळची त्यांचीच विद्यार्थिनी, आता शेजारच्या टेबलावर बसणारी. आरशाचा तास मला द्या, असं ती कितीदा म्हणाली होती. दर वेळी बाई म्हणत, तुझे खांदे अजून फार बोलतात. आज त्यांनी बाही कोपरापर्यंत सरकवली, हात तिच्यासमोर चटईवर ठेवला आणि त्याला हवं ते करू दिलं.

ती दचकली नाही. रचलेली चटई उगाच पुन्हा सरळ केली.

“मला माहितीये, बाई. चहा घेताना तुमच्या कपबशीचा आवाज यायला लागला तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले.” तिने डोळे पुसले आणि लगेच कामाचं बोलू लागली. समोर ती उभी राहील. बाईंनी फक्त खुर्ची टाकून बसायचं, तोंडाने सांगायचं. खिडकीपाशी उजेडही चांगला आहे. मुलांना काही सांगायला नको. तुमच्याशिवाय तो तास म्हणजे नुसती कवायत होईल, बाई.

बाईंना ती खुर्ची हवी होती. इतकी हवी होती की त्यांना ती दिसलीसुद्धा: खिडकीपाशी, उन्हात. मांडीवर शाल, शालीखाली हात, आणि समोर कुणाचे तरी खांदे, जे एका शब्दाने खाली उतरवता येतील. मग त्यांना वर्गही दिसला. सहकारी समोर उभी आहे, आणि सगळ्या माना हळूहळू खिडकीकडे, शालीखालच्या हाताकडे वळतायत.

“नको,” बाई म्हणाल्या. “तास तू घे, सोमवारपासून. आणि मी त्या खोलीत येणार नाही.”