पैनगंगेत कोरडे राहिलेले दंड

निजाम सरकारची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे, त्यामुळे आमच्या कामाचा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा. तो शनिवार १९४८च्या जानेवारीचा शेवटचा दिवस होता. मी मूळची लातूरची. हैदराबादेत इंटर सायन्स करून चार महिन्यांपूर्वी नांदेडला सरकारी नोकरीला लागले होते. देवीची लस टोचणाऱ्या सौदामिनीबाईंच्या हाताखाली मला नेमलं होतं.

लस बर्फाच्या पेटीत येई, केसाएवढ्या बारीक काचेच्या नळ्यांत. बर्फ वितळला की लस वाया गेली असं धरायचं. आदल्या दिवशी आम्ही ती पेटी घेऊन रेल्वेनं इस्लापूरला उतरलो आणि सकाळी बैलगाडीनं पैनगंगेच्या काठच्या एका वाडीत पोचलो. जवळच्या तांड्यावर साथ आली होती. पंधरा दिवसांत पाच लेकरं गेली होती.

चिंचेखाली बायकांची रांग लागली. सगळ्यात पुढे केवळाबाई होती, कडेवर नात नीला. साठीची, उन्हानं रापलेली, वाडीत तिचा शब्द चाले. नातीचं टोचून झाल्यावरही ती हलली नाही. रांगेतल्या बायकांवर नजर ठेवून तिथंच बसली.

"रडली का माझी नीला? आन तुम्ही घोड्याएवढ्या बाया भिऊन राहिल्या!" मागं सरकणाऱ्या सुनेला ती म्हणाली, "साखरे, धर की लेकराला. बाळंत व्हताना वरडली न्हाईस एवढी."

बायका हसल्या. रांग पुढे सरकली.

सौदामिनीबाई फार बोलत नसत. डाव्या दंडावर स्पिरिट लावायचं, ते उडू द्यायचं, दोन ठिकाणी कातडी हलकेच खरवडायची, त्यावर लशीचा थेंब. पहिल्या लेकराला लागली तेवढीच काळजी पन्नासाव्यालाही. प्रत्येक आईला त्या एकच वाक्य सांगत, "आठ दिवस या हाताला पाणी लावू नका, चोळू नका." मी नाव, वय, बापाचं नाव लिहीत होते. अकराच्या सुमारास साठ झाली. एकसष्टावं लेकरू म्हणजे दीड वर्षाचा एक मुलगा, बाईंच्या मांडीजवळ बसला होता.

तेव्हा नदीकडून ग्यानोबा आला. तो केवळाबाईचा दीर. पलीकडे, उमरखेडच्या बाजारात गेला होता. नदीपलीकडे निजामाचं राज्य नव्हतं, तिथं रेडिओ होता, वर्तमानपत्रं होती. कमरेपर्यंत भिजलेलं धोतर त्यानं पिळलंही नव्हतं. तो रांगेपुढं येऊन मटकन खाली बसला.

"काय झालं?" केवळाबाईनं विचारलं.

"गांधीबाबाला मारलं. काल सांजच्याला. दिल्लीत. गोळ्या घातल्या."

"काय बी बोलू नगं."

"वैनी, समदा बाजार बंद हाय. लोकं रस्त्यावर बसून रडून राहिलेत."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या डाव्या हातात त्या मुलाचा दंड होता, उजव्या हातात टोचायचं हत्यार. त्यांनी दुसरा ओरखडा पुरा केला, नळी मोडली, थेंब ठेवला. हत्यार स्पिरिटमध्ये बुडवलं. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

केवळाबाई उठली. "चला. पाण्याला चला. घरचं माणूस गेलं."

त्या भागात जवळचं माणूस गेल्याचं कळलं की सगळं घर डोक्यावरून अंघोळ करतं. त्याआधी कुणी चूल पेटवत नाही, तोंडात घास घालत नाही. बायकांनी लेकरं उचलली.

सौदामिनीबाई धावत आडव्या गेल्या. "लेकरांना नेऊ नका! मोठी माणसं जा. लेकरांना अंघोळ नाही घालायची."

इतका चढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. बायका थबकल्या. केवळाबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"लेकरं काय शेजाऱ्याची हायेत? सुतक समद्या घराला लागतं." मग हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्ही सरकारच्या. तुमच्या सरकारला त्यो म्हातारा नगंच हुता. म्हून आंघुळ नगं म्हणता, व्हय?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला.

"केवळाबाई, पेटीतला बर्फ संपला. पुढची लस तीन आठवड्यांनी. तांड्यावरची पाच लेकरं तुम्हाला ठाऊक आहेत. आज ही लस धुऊन गेली तर तीन आठवडे माझ्या हातात काही नाही. आणि अंघोळ मलाही करायचीय."

सुकलेल्या लशीला पाण्यापेक्षा चोळण्याचं भय जास्त, हे मी पुढे वाचलं. पण त्या घडीला शेवटच्या पंधरा-वीस दंडांवरचे थेंब ओले चमकत होते. आणि त्या गावात अंघोळ म्हणजे चोळूनच.

केवळाबाईनं नदीकडे पाहिलं. मग वळून बायकांना म्हणाली, "पेरणीच्या टायमाला नदी उतरताना बियाणं भिजतं का गं आपलं?"

"न्हाई. डोक्यावर धरतो की."

"मंग ह्यो हात कशाला भिजंल? सुतक डोक्याला. हात वर धरा."

ती आधी पाण्यात शिरली. जानेवारीचं पाणी, कमरेएवढं. एकट्या आईला लेकरू बुडवणं आणि त्याचा दंड धरणं जमेना, तेव्हा तिनं ते काम स्वतःकडे घेतलं. आई लेकराला मानेपर्यंत बुडवी, ओंजळीनं डोक्यावर पाणी घाली. केवळाबाई डावा हात मनगटाला धरून उंच ठेवी. तान्ह्यांच्या टाळूवर नुसते चार थेंब. काठावर येणाऱ्या प्रत्येक दंडाकडे मी निरखून बघत होते. भोवती रडणं चालू होतं, कुणी मोठ्यानं, कुणी पदरात. नदीतून एकामागून एक छोटे हात वर येत होते.

एकसष्टाव्या मुलाला सौदामिनीबाईंनी घेतलं. त्याच्या आईला त्या म्हणाल्या, "याचा थेंब अजून ओला आहे. मी धरते." नऊवारी नेसलेल्या, तशाच त्या नदीत उतरल्या. सरकारी नोकरीतल्या बाईनं त्या दिवसांत गांधींचं सुतक गावादेखत पाळणं म्हणजे नोकरी पणाला लावणं, हे वाडीला कळत होतं. त्यांनी मुलाचा हात वर धरला, त्याच्या डोक्यावर पाणी घातलं आणि मग त्याला पाण्यावर उचलून धरत डोळे मिटून स्वतः डोक्यापर्यंत बुडी घेतली. मुलाचा दंड तेव्हाही पाण्याबाहेर होता.

त्या वर आल्या तेव्हा केवळाबाईनं त्यांच्या दंडाला धरून काठावर आणलं. म्हणाली, "बाई, मघा लई वंगाळ बोलले."

"थंडी वाजते का?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला?"

"हो."

"मला बी," केवळाबाई म्हणाली.

आठव्या दिवशी आम्ही तपासणीला गेलो. लस लागली असेल तर त्या दिवशी दंडावर मोत्यासारखा फोड दिसतो. एकसष्टांपैकी एकोणसाठांना फोड होते. नीलाच्या दंडावर दोन, टपोरे. दोघांना नव्हते. त्यांना पुढच्या खेपेला टोचायचं ठरलं. बाईंनी प्रत्येक दंड उजेडात धरून पाहिला. शेवटच्या मुलाचा पाहिला आणि रजिस्टरात स्वतःच्या हातानं "यशस्वी" असं लिहिलं.

केवळाबाई ओट्यावर बसून होती. उठून समोर आली नाही. मी जवळ गेले तर तिचा उजवा हात मांडीवर पडलेला.

"वर जाईना, पोरी," ती हसत म्हणाली. "आठ रोज झाले. लेकरांचे हात धरून धरून खांदा धरला. माझी लस खांद्यात लागली बघ."

"आणि सांगितलं नाहीत कुणाला?"

"काय सांगायचं? फोड आले न्हवं?"

सौदामिनीबाईंनी रजिस्टर माझ्या हाती दिलं, चुलीजवळून तापलेली वीट मागवली, फडक्यात गुंडाळली आणि तिचा खांदा शेकायला बसल्या. गाडीवान दोनदा बोलावून गेला. त्यांनी मान वर केली नाही.