पौर्णिमाच्या छातीतली तापट राखणदारीण

मी पौर्णिमाच्या फुप्फुसातून बोलतेय. मला मास्ट पेशी म्हणतात. हाडांच्या मगजात जन्मले, रक्तातून वाहत आले आणि श्वासनळीच्या भिंतीत घर केलं. काम राखणीचं. परका कुणी आत शिरला की पोटातल्या हिस्टामिनच्या पुड्या फोडायच्या.

मी तापट आहे, मान्य. साध्या धुळीलाही चोर समजते. हिस्टामिन सांडलं की नळ्या आवळतात, सुजतात आणि बिचारी पौर्णिमा तडफडते. माझा हेतू चांगला असतो हो, पण सोसावं तिला लागतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तिला दम्यासाठी तोंडानं ओढायचा निळा पंप दिलाय. त्यातलं औषध आवळलेल्या नळ्या सैल करतं आणि मलाही आवरतं, म्हणजे हिस्टामिन कमी सांडतं. तिच्या आईला, दुर्गाबाईंना, मात्र पंपाची लाज वाटते.

त्या रविवारी मूर्तिजापूरहून पाहुणे तिला पाहायला आले. समोरच्या खोलीत भाव वाढेल म्हणून कापूस साठवलेला. दुर्गाबाईंनी ढिगावर चादर घातली आणि पंप तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवला.

"पाहुण्यांले दिसला तं सोयरीक मोडन," त्या पुटपुटल्या.

खुर्च्या कमी पडल्या. दोघं पाहुणे ढिगावरच ऐसपैस बसले. पौर्णिमा पोहे घेऊन आली आणि कापसाची धूळ थेट माझ्यापर्यंत पोचली. मी पुड्या फोडल्या. शेजारच्या पेशींनीही फोडल्या.

"सैपाक येते ना, बाई?" मुलाच्या मावशीनं विचारलं.

उत्तराला पौर्णिमाकडे श्वासच नव्हता. मी घाबरले. थांबायचं होतं, पण एकदा सुरू झाले की स्वतःहून थांबणं मला जमत नाही.

तिनं ताट खाली ठेवलं. "माय, माहा पंप दे."

"आंदर चाल, पोरी. तिथी देतो."

"आंदर जायाएवढा दम नाही. इथंच दे."

दुर्गाबाईंनी लेकीचे निळसर ओठ पाहिले आणि धावल्या. डबा उपडा झाला, डाळ घरभर पसरली. पंप त्यांनीच हलवला, सगळ्यांसमोर तिच्या तोंडाशी धरला. औषध आत आलं. नळ्या हळूहळू सुटल्या, मीही निवले.

पाहुणे चहा न घेता उठले. त्यांना दारापर्यंत पोचवायला दुर्गाबाई गेल्या नाहीत. लेकीची पाठ चोळत बसून राहिल्या.

मला खुशाल शिव्या द्या. पण मला आवरणारं औषध कुणापासून लपवू नका. मी हिची राखण करायला आले. हीच गेली, तर मी राखू कुणाला?