शांत झालेली पोर

अरफाने वर्गातल्या एका मुलीच्या दंडाला चावा घेतला होता, म्हणून वर्गाच्या पंकजा मॅडमनी अरफाच्या आईला शाळेत बोलावून घेतलं. मेहताब कांदे निवडायच्या खळ्यावरून तशीच उठून आली. ओढणीला साली चिकटलेल्या. या महिन्यातली ही तिसरी वेळ. सात वर्षांची अरफा भिंतीला टेकून उभी होती, जणू चावलं ते दुसऱ्याच कुणीतरी.

मॅडम रागावल्या नाहीत. घरी कोण असतं, एवढंच त्यांनी विचारलं.

"आमी दोघं बी कामावर," मेहताब खाली बघत म्हणाली. "शाळा सुटली की शेजारची रतनबाई तिला घरात घालती अन् भाईरून कुलूप लावती. मीच सांगितलंय तसं. दाराम्होरंच दारूचा गुत्ता हाय, मॅडम. दार उघडं कसं ठिवायचं?"

श्रीरामपुरात रुळांपलीकडे त्यांची गल्ली. दुपारपासूनच तिथे शिव्या, फुटणाऱ्या बाटल्या, कुणाचं तरी डोकं फोडणं चालायचं. पत्र्याच्या खोलीत बसून अरफा ते सगळं ऐकायची. कुलूप निघाल्यावर संडासाला जायचं तर त्याच माणसांमधून वाट. रात्री पोर दचकून उठायची, अंथरूण ओलं करायची. मेहताबने गल्लीतल्या बायकांना घेऊन पोलीस ठाण्यात दोनदा अर्ज दिला. गुत्ता आठ दिवस बंद राहिला, पुन्हा सुरू झाला, आणि मग त्यांच्याच पत्र्यावर दगड पडले. तिसऱ्या अर्जावर अंगठा द्यायला कुणी आलं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोरीला तपासलं. औषधाने भागेल असं काही नाही, जमलं तर जागा बदला, म्हणाले. मेहताबचा नवरा कादर टेम्पो चालवायचा. त्याने गावात चार ठिकाणी खोली विचारली. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची.

शेवटी मेहताबने पोरीला राहात्याला, आपल्या थोरल्या बहिणीकडे, जैबुनकडे नेऊन सोडलं. जैबुनचा नवरा पेरूच्या बागेत राखणदार होता. दोन खोल्या, पुढे मोकळं अंगण, दार दिवसभर सताड उघडं.

महिन्याने मेहताब भेटायला गेली, तर अरफा झाडावर चढून दोन पोरांशी मोठमोठ्याने भांडत होती आणि मधेच हसत होती. अंथरूण पंधरा दिवसांतच कोरडं राहायला लागलं होतं. आई आलेली तिने बराच वेळ पाहिलीच नाही. मेहताबनेही हाक मारली नाही. कुंपणाला धरून ती उभी राहिली. आपली पोर बिघडलेली नव्हतीच, हे तिला तेव्हा कळलं.

चार महिने गेले. जैबुनच्या मुलाचं लग्न ठरलं. सून येणार, खोल्या दोनच. जैबुन रडली, पण पोरीला घेऊन जा म्हणाली. एसटीत श्रीरामपूर जवळ आलं तशी अरफा सीटवर आक्रसून बसली.

अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं. शाळेत पुन्हा चावे, ओरबाडणं. मग दिवाळीनंतर सगळंच थांबलं. ती कुणाच्या अंगावर जाईना, कुणाशी बोलेनाही. प्रगतिपुस्तक घ्यायला मेहताब गेली तेव्हा वर्गावर नवे गुरुजी होते.

"आता काही त्रास नाही हिचा," ते कौतुकाने म्हणाले. "अगदी शांत झालीय."

पुस्तकातही वर्तनाच्या रकान्यात 'शांत' असंच लिहिलं होतं. मेहताबने सही केली. तिला काही सांगायचं होतं, पण मागे पालकांची रांग होती.

परतताना वाटेत एका कॉलनीची बाग लागली. फाटक उघडं होतं. पोरं खेळत होती, एक झोका रिकामा होता.

"जा, बस जरा," मेहताब म्हणाली. "मी हितंच थांबते."

अरफाने झोक्याकडे पाहिलं. आईचं बोट काही सोडलं नाही.

"नको, अम्मी," ती म्हणाली. "आपला न्हाई तो."

मेहताबने प्रगतिपुस्तक काखेत नीट धरलं, आणि दोघी रुळांच्या दिशेने चालू लागल्या.