खालून पहिला

कर्मचाऱ्याची ओळख

कुलपांच्या कारखान्यात शेवटचं खातं तपासणीचं. तयार कुलूप तिथे येतं, कुणीतरी किल्ली घालून ते उघडून बघतं आणि मगच ते खोक्यात जातं. सात टेबलं, सात माणसं. त्या सातांतलीच एक ताई, खात्याची प्रमुख. ती वयाने काही सगळ्यांत मोठी नव्हती. पण प्रमुखाला काहीतरी म्हणायला हवं, म्हणून ताई.

खिडकीजवळच्या टेबलावर जो बसायचा त्याला सगळे 'कान' म्हणत. बाकीचे किल्ली एकदाच फिरवायचे. खट्, की झालं. कान मात्र कुलूप कानाशी धरायचा. खट्. मग थांबायचा, समोरच्याला बोलून घेऊ द्यावं तसा. आणि पुन्हा, खट्.

"काय म्हणतंय रे तुझं कुलूप?" शेजारचा रेडिओ विचारायचा. त्याला हे नाव का पडलं ते सांगायला नको. बटण कुठे आहे ते कुणालाच सापडलं नव्हतं.

"पहिल्यांदा सगळीच हो म्हणतात," कान म्हणायचा. "दुसऱ्यांदा विचारलं की कळतं."

वेग

दर वर्षी कामाचं मूल्यमापन व्हायचं. सातांत एक उत्तम, पाच मध्यम, एक असमाधानकारक. सातही चांगले निघाले तर? तरी एक असमाधानकारक. नियम तसाच होता. खाली ज्याचं नाव लागेल त्याला काचेच्या दाराच्या लहान खोलीत बसवून समोरासमोर सांगायचं आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं. लागोपाठ तीन वर्षं खाली राहिला तर त्याला घरचा रस्ता.

त्या वर्षी ताईने कानाला खाली घातलं. कारण लागतं, म्हणून कारण शोधलं. त्याचं एकही कुलूप कधी परत आलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. राहता राहिला वेग.

त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं. मग विचारलं, "मग काय सुधारू, ताई?"

"वेग वाढवा, भाऊ."

"बरं."

महिनाही उलटला नसेल, तो घरी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. वेगाचा आणि हृदयाचा काही संबंध नाही, असं ताईने स्वतःला इतक्यांदा सांगितलं की शेवटी तिला तो संबंध दिसायलाच लागला.

सहकाऱ्यांचं मत

दुसऱ्या वर्षीची यादी आली, तर तिच्यात कानाचं नाव तसंच. पगार थांबवणारं खातं वेगळं, यादी करणारं वेगळं, आणि या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही.

"हे खोडायला कळवते," ताई म्हणाली.

"अगं, राहू दे की," मावशी म्हणाली. मावशी खात्यातली सगळ्यांत जुनी. हात अजून चालायचे, पण हल्ली किल्लीचं भोक तिला चाचपून शोधावं लागे. "खाली कुणाला तरी घालायचंच आहे ना?"

मग रेडिओ हसला. "सुंठीवाचून खोकला गेला! त्याच्या काय अंगाला भोकं पडणार आहेत आता?"

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं जग म्हणतं. इथे उलटं झालं. जिवंतपणी देत होती तेवढंही दूध तिच्या नावावर राहिलं नाही. हळूहळू चुकलेलं खोकं, हरवलेली किल्ली, सांडलेलं तेल, सगळं कानाच्या माथी जायला लागलं. "कानाने केलं असेल," की हशा. हसून झालं की खिडकीकडे मात्र कुणी बघायचं नाही.

समोरासमोरचा नियमही ताईने पाळला. लहान खोलीत रिकाम्या खुर्चीपुढे जाऊन बसली. बाहेरच्यांना काचेतून दिसेल इतका वेळ बसली. घसा खाकरला. उठली.

वर्षभरातली प्रगती

भर दुपारची गोष्ट. सगळे जेवायला गेलेले. ताई चष्मा विसरली म्हणून परत आली, आणि दारातच थबकली.

खट्. खट्. खट्. खट्.

घाईघाईने, प्रत्येक कुलपाला एकदाच. आत कुणी नव्हतं. यादीत नाव होतं म्हणून कानाच्या वाट्याची कुलपं अजून खिडकीजवळच्या टेबलावर यायची; तिथलं डावीकडचं न तपासलेल्या कुलपांचं खोकं अर्धं झालं होतं आणि उजवीकडचं अर्धं भरलं होतं.

मग ते रोजचंच झालं. मावशीने ऐकलं. रेडिओनेही ऐकलं, आणि त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत बंद राहिला. वरच्या साहेबांचा फोन आला: तुमच्या खात्याचा वेग बघून सगळे खूश आहेत.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मेलेला माणूस काम करतोय, तर तुझी तक्रार काय? आमच्या ऑफिसात जिवंत करत नाहीत."

"अरे, तो माझं ऐकतोय," ताई म्हणाली. "मी म्हटलं होतं, वेग वाढवा."

नवऱ्याने पुढे विनोद केला नाही. उठून घरातले सगळे दिवे लावून आला.

आणि मग कुलपं परत यायला लागली. पहिल्यांदा उघडायची, दुसऱ्यांदा अडायची. सगळी त्याच टेबलावरची. आयुष्यात ज्याचं एक कुलूप परत आलं नाही, त्याची आता खोकीच्या खोकी येत होती.

बक्षिसासाठी शिफारस

तिसरं वर्ष. या वेळीही कान खाली, की त्याची नोकरी संपली.

"संपवून टाक," मावशी म्हणाली. "मोकळा होईल बिचारा."

"आणि पुढच्या वर्षी खाली कोण?" रेडिओने विचारलं. मावशी किल्ली चाचपत राहिली.

ताई लहान खोलीत गेली. दार लावून घेतलं. रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "भाऊ, तुमच्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं. खाली एक नाव लागतं. तुमचं घातलं, कारण तुम्ही उलटून बोलला नसतात."

काचेपलीकडे, खिडकीजवळच्या टेबलावर: खट्. खट्. खट्. तीच घाई. नुसतं बोलून भागणार नव्हतं.

तिने नावं भरली. उत्तम: कान. मावशीसकट पाच जण मध्यम. असमाधानकारक: ती स्वतः.

साहेबांचा फोन आला. "अभिनंदन! तुमच्या उत्तम कर्मचाऱ्याला मंचावर बोलवायचंय. भिंतीवरचं घड्याळ आहे बक्षीस. येतील ना?"

"नाही येणार. वारले ते."

"अरेरे. कधी?"

"दोन वर्षं होतील."

"मग गेल्या वर्षी असमाधानकारक म्हणून कोण होतं?"

"तेच."

"बाई, हे तुमच्या अंगाशी येईल. प्रमुखपद तर जाईलच."

"अंगाशी आलंय, साहेब. म्हणून तर लिहिलं."

"उद्या मी स्वतः येतो. तुमचं समोरासमोर मीच करतो."

समोरासमोर

साहेबांना यायला उशीर झाला. ताई लहान खोलीत या बाजूच्या, ज्याला सांगायचं त्याच्या खुर्चीवर बसून होती. इथे ती कधीच बसली नव्हती. ही खुर्ची जरा बुटकी होती. समोरच्या खुर्चीमागून उजेड यायचा, त्यामुळे तिथे बसणाऱ्याचं तोंड इथून दिसलं नसतं. इतकी वर्षं आपण नुसता काळोख होतो समोर, तिच्या मनात आलं.

काचेपलीकडे पाचही जण हात थांबवून तिच्याकडेच बघत होते. किल्ली कुणाच्याच हातात नव्हती. खिडकीजवळचं टेबलही गप्प.

तिने समोरच्या उजेडाला विचारलं, "मग काय सुधारू, भाऊ?"

खट्.

टेबलाच्या पलीकडून, हातभर अंतरावरून. तिने बुटक्या खुर्चीची कड घट्ट धरली. पळून जावंसं वाटलं. पण तिने तोंड वळवून कान पुढे केला आणि थांबली. कितीतरी वेळ काहीच नाही. रेडिओ काचेला नाक लावून उभा होता. मावशीने डोळे मिटले होते.

आणि मग, अगदी सावकाश, पुन्हा: खट्.