रुक्मिणीबाई पुन्हा छपरीत का आल्या

मित्रांनो, मी एक जुना जर्मनचा गडू आहे. ॲल्युमिनियमला आमच्या बुलढाण्याकडे जर्मन म्हणतात. का म्हणतात ते मला विचारू नका. मला न समजलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्यातली ही सगळ्यात लहान आहे.

कारखान्याचं फारसं आठवत नाही. पत्र्याची गोल चकती होतो, वरून दणका बसला आणि मला पोट सुटलं. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागे चिखलीच्या बाजारात मोतीरामजींनी मला विकत घेतलं. ते उंद्रीचे. विहिरीवर वांगी, मेथी, कोथिंबीर लावायची आणि बाजारोबाजार नेऊन विकायची, हा त्यांच्या घरचा धंदा. मला वाटलं, आता चुलीजवळच्या पितळी भांड्यांत आपली वर्णी लागणार. पण मोतीरामजींच्या बायकोनं, रुक्मिणीबाईंनी, मला घरात घेतलंच नाही. मागच्या छपरीत एका गोणपाटाशेजारी त्यांनी मला पालथं ठेवलं.

घरातल्या बाईला पाळी आली, की कावळा शिवला म्हणायचे आणि ती छपरीत गोणपाटावर बसायची. तिचा विटाळ धरायचे. तिला कुणी शिवायचं नाही, चुकून शिवलं तर आंघोळ करायची. तिला पाणी प्यायला मी. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन ती आत जायची, मला राखेनं घासून पुन्हा पालथं घालायची. मी तेव्हापासून गोंधळलेलाच आहे. बाई जर इतकी दूर ठेवण्याजोगी झाली असेल, तर मला तिच्या ओठांपाशी कसं ठेवतात? आणि ती आत गेल्यावरही मी बाहेरच का?

पुढे धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या साली रुक्मिणीबाईंची पाळी गेली. त्यांनी मला लख्ख घासलं आणि सुनेच्या, जनकाबाईच्या, पुढ्यात ठेवलं. "हा गडू आता तुहा. माह्यं संपलं," म्हणाल्या. मला वाईट वाटलं. बाई बोलायला कडक, पण मला कधी आपटलं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात, सकाळी, त्या स्वतःच छपरीत आल्या. मला उचललं आणि गोणपाट पसरून बसल्या. मी आपला टकामका बघत राहिलो. केस पांढरे झालेले, मांडीवर खेळलेला नातू शाळेत जायला लागलेला, आणि बाई इथे कशा?

जनकाबाई झाडू हातात घेऊन उभीच राहिली. "आत्याबाई, तुमचं त गेलं होतं ना?"

"गेलं होतं. आता आलं परत. लुगड्याले डाग लागला."

"असं परत येते काय?"

"मले काय माहीत माय? आलं त बसा लागते."

शेजारच्या सिंधूताई कुंपणावरून वाकल्या आणि म्हणाल्या, "नशीबवान हो तुम्ही रुक्मिणीबाई! अंगातली रग अजून गेली नाही." रुक्मिणीबाई लाजल्या, थोड्या खूशही झाल्या. मीही खूश झालो, कारण माझी जुनी मालकीण परत मिळाली होती. आनंद मानायचा की काळजी करायची, हे मला सांगणारं कोण होतं?

चौथ्या दिवशी आंघोळ झाली, बाई आत गेल्या. आंघोळ झाली म्हणजे बाई शुद्ध, आणि शुद्ध झाली म्हणजे बरी, असा घरातला हिशेब. पण महिनाही भरला नाही तोच पुन्हा डाग. मग बरेच दिवस काही नाही. मग थेंबभर. मग एकदम इतकं, की गोणपाट धुवायला काढावं लागलं. पाळीला काही चाल असते, याला कसलीच नव्हती. कुणी म्हणालं उष्णता झाली, म्हणून जनकाबाईनं माझ्यात धने-जिरे भिजत घातले. मला वाटलं, आपण आता औषधाचं भांडं झालो. ते पाणी पिऊन एकदा रक्त थांबलं, तेव्हा तर मी छाती फुगवून बसलो. पुढच्या खेपेला थांबलं नाही, तेव्हा मला माझाच भरवसा उरला नाही.

रुक्मिणीबाईंचा चेहरा मात्र उतरत चालला. वांग्याची पाटी उचलताना त्यांना दम लागायचा. जनकाबाईला धीर धरवेना. तिनं दवाखान्याचं काढलं, की सासूबाईंचं उत्तर ठरलेलं.

"रगत चालू हाय तवा कशी जाऊ? यष्टीत लोकं खेटून बसतात. त्यायले काऊन विटाळ करू?"

आणि रक्त थांबलं, की म्हणायच्या, "आता त काहीच नाही. डॉक्टरले काय दाखवू?"

मित्रांनो, मी कितीतरी दिवस या दोन वाक्यांच्या मधोमध ठेवलेला होतो. दोन्ही वाक्यं मला खरीच वाटायची. वाईट दिवशी जाता येत नाही आणि चांगल्या दिवशी जायचं कारण नाही, मग जायचं तरी कधी? मोतीरामजींना आणि मुलाला, निवृत्तीला, विचारावं तर बाई छपरीत बसली की पुरुषांनी तिकडे बघायचंही नाही, अशी रीत. त्यांना काही कळलंच नाही.

एका सकाळी रुक्मिणीबाई मला धुवायला दगडापाशी गेल्या आणि भोवळ येऊन तिथंच कोसळल्या. मी घरंगळत कुंपणाला लागलो. लुगडं लाल झालेलं. जनकाबाई धावत आली, दोन हातांवर थबकली, आणि मग तिनं सासूला सरळ कवेत घेतलं.

"शिवू नको वं!" रुक्मिणीबाई डोळे मिटूनच पुटपुटल्या.

"शिवलं आता. मले बी विटाळ झाला. दोघी सारख्या झालो. आंघोळ दवाखान्यातून आल्यावर करू." मग तिनं घराकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "अहो, छकडा जुपा! मायले लय रगत जाऊन राह्यलं!"

त्या घरात रगत हा शब्द पुरुषांसमोर पहिल्यांदाच मोठ्यानं निघाला. निवृत्ती अनवाणीच धावला.

मला जनकाबाईनं पाण्यासाठी बरोबर घेतलं, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं. बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "पाळी कधी गेली, आजी?"

"धाकट्या पोरीच्या लग्नाच्या साली."

"त्या पोरीला मूलबाळ?"

"दोन. मोठं शाळेत जाते."

"मग ही पाळी नाही," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "पाळी जाऊन वर्ष उलटलं, की नंतर दिसेल ते रक्त पाळीचं धरायचं नाही. थेंबभर असलं तरी तपासायचं."

"पण मधून थांबते ना," जनकाबाई म्हणाली.

"थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. बहुतेक बायकांत कारण साधं निघतं. आतलं अस्तर सुकतं, नाहीतर एखादा मोड, म्हणजे मांसाची साधी गाठ, असते. काहींत मात्र कॅन्सर असतो. वरून बघून मलाही ओळखता येत नाही."

डॉक्टरीणही गोंधळते, हे ऐकून मला बरं वाटलं. पण ती गोंधळून बसून राहिली नाही. तिनं आतून तपासलं, मग भूल देऊन गर्भपिशवीचं अस्तर थोडं खरवडून काढलं आणि बाटलीत घालून नागपूरला पाठवलं. उत्तर येईपर्यंत घरात कुणाला जेवण गोड लागलं नाही. उत्तर आलं ते कॅन्सरचं. पण तो पिशवीच्या आतच होता, बाहेर पसरला नव्हता. नागपूरला नेऊन पिशवी काढली. आणखी उशीर झाला असता तर एवढ्यावर भागलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरांनी निवृत्तीला सांगितलं. तो बिचारा जिन्यात बसून रडला.

रुक्मिणीबाई घरी आल्या, हळूहळू हिंडूफिरू लागल्या. मला आता बाजारात नेतात, भाजीवर पाणी शिंपडायला. मी शुद्ध कधी झालो, कुणी केलं, मला पत्ता नाही. छपरीत गोणपाट अजून आहे आणि जनकाबाई अजून तिथे बसते. सगळंच बदललं असं मी सांगणार नाही, मला खोटं बोलता येत नाही.

मित्रांनो, मी भांडं आहे, मला उपदेश शोभत नाही. तरी हात जोडतो. तुमच्या घरातली मोठी बाई दमलेली दिसली, गुपचूप लुगडं धूत असली, तर तिला विचारा. लाज वाटली तरी विचारा. ती बहुतेक 'काही नाही' म्हणेल. तेवढ्यावर उठून जाऊ नका.

परवाच्या बाजारात रुक्मिणीबाई नेहमीप्रमाणे गिऱ्हाईक बायांना मोठ्या आवाजात सांगत होत्या, "पाळी गेल्यावर रगत दिसलं त घरात बसू नका वं!" मोतीरामजी लाजून आभाळाकडे बघत होते. एक अनोळखी बाई मेथीची जुडी घेऊन निघून गेली, पुढे जाऊन थांबली, आणि परत आली. तिनं पिशवी खाली ठेवली. बराच वेळ वांगी उलटसुलट केली. मग अगदी हळू विचारलं, "मावशी, कोन्त्या दवाखान्यात गेल्या होत्या तुम्ही?"

रुक्मिणीबाईंनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं. तागडी मोतीरामजींच्या हातात दिली आणि त्या उठल्या.

"चाल," त्या म्हणाल्या, "यष्टी उभीच हाय."