पाचव्या डावानंतरचा चेंडू

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डॅना कोवालचिकचा फोन आला, तेव्हा मी अन्सेल्मो पेगेरोच्या मागच्या सामन्याचं चित्रण सोळाव्यांदा पाहत बसलो होतो. "मर्ल, गुरुवारी येतेय, पोराला बघायला," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. कुठल्या पोराला, हे विचारायची गरज नव्हती.

आमचा बेसबॉलचा संघ म्हणजे शहरातल्या मोठ्या संघाची खालून दुसरी पायरी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं नदीकाठचं गाव, मैदानात चार हजार खुर्च्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या. विशीतली पोरं इथे येतात, दोन-तीन उन्हाळे घाम गाळतात, त्यातला एखादा वर जातो आणि बाकीचे घरी. त्यांच्यातल्या पिचरांना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, मी शिकवतो. एकतीस वर्षं झाली.

महिनाअखेरीला खेळाडूंची अदलाबदल बंद होणार होती. मोठा संघ पहिल्या क्रमांकापासून तीन सामने मागे होता, आणि ग्रँट टॉलिव्हर बाजारात आला होता. तेहेतीस वर्षांचा, मागच्या वर्षी अडतीस होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेरचे फटके, ठोकलेला. त्याच्या बदल्यात त्याच्या संघाला आमची तीन पोरं हवी होती. यादीत पहिलं नाव अन्सेल्मोचं. मोठ्या संघात कोणाला घ्यायचं, कोणाला द्यायचं हे डॅना ठरवायची, त्यामुळे निर्णय तिच्या हातात होता.

अन्सेल्मो वीस वर्षांचा, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या उसाच्या मळ्यांजवळच्या वस्तीतला, डावखुरा. चेंडू जोरात टाकायचा, पण तसे जोरात टाकणारे आमच्याकडे दरवर्षी चार तरी येतात. मला छळत होता तो त्याचा एक वेगळाच चेंडू. सामन्याच्या नऊ डावांपैकी पाच संपले, पोरगा दमला, की दोन-तीनदा तो पडायचा. सरळ यायचा आणि बॅटीपासून हातभर अंतरावर टेबलाच्या कडेवरून घरंगळल्यासारखा खाली जायचा. फलंदाज हवेत बॅट फिरवून आपल्याच बॅटीकडे बघत राहायचा.

"हा कसा टाकलास?" मी विचारायचो.

"नेहमीसारखाच, कोच."

खोटं बोलत नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे वेग मोजणारी यंत्रं आहेत, बोटं टिपणारे कॅमेरे आहेत. चेंडूने काय केलं ते ती सांगायची. का केलं, ते नाही. सरावात तर तो चेंडू एकदाही पडला नाही.

सोमवारी सुट्टी होती. मी जेवण आटोपून गाडीकडे निघालो, तर संघाच्या स्वयंपाकघरामागच्या मोकळ्या जागेत आरडाओरडा ऐकू आला. अन्सेल्मो आणि त्याच्याच देशातली दोन पोरं खेळत होती. हातात झाडूचा दांडा, आणि चेंडूच्या जागी पाण्याच्या जारचं निळं झाकण. त्यांच्याकडे गल्लीबोळांत हाच खेळ चालतो.

"कोच, या की! एक तरी मारून दाखवा," विल्फ्री म्हणाला. हा आमचा कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, तोंडाळ.

मी दांडा घेतला. अन्सेल्मोने झाकण फेकलं. मी हुकलो. पुन्हा हुकलो.

"आजोबा, माशा नका मारू, झाकण मारा!"

सातव्यांदा हुकलो तेव्हा मला राग यायचा थांबला, कारण मी दांड्याकडे न बघता त्याच्या हाताकडे बघत होतो. हात खांद्याच्या वर नव्हता, चांगला खाली होता. मनगट अगदी शेवटी वळत होतं आणि मधलं बोट झाकणाच्या कडेवरून खाली ओढलं जात होतं.

"किती वर्षांचा असल्यापासून खेळतोस हे?"

"पाच-सहा. खरा चेंडू तेराव्या वर्षी मिळाला."

"आणि मग?"

"मग सगळे कोच म्हणाले, हात वर घे."

सगळे कोच म्हणजे त्यात मीही आलो. गेली दोन वर्षं मी त्याला हेच ओरडून सांगत होतो. पोरगा दमला की माझं शिकवणं विसरायचा, हात आपोआप खाली यायचा आणि तो चेंडू पडायचा. आम्हीच तो दुरुस्त करून घालवला होता! मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

"जा, चेंडू घेऊन ये. आणि झाकण टाकतोस तसाच टाक."

पहिला कचऱ्याच्या पिंपावर आदळला, दुसरा कुंपणापलीकडे गेला. चौथा मात्र असा काही खाली गेला की विल्फ्रीच्या गुडघ्यावर बसला. तो लंगडत शिव्या देत होता आणि अन्सेल्मो स्वतःच्या हाताकडे बघत होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

गुरुवारी डॅना आली. कॉलेजात असताना ती उन्हाळ्यात इथेच तिकिटं फाडायची, तेव्हापासून मी तिला ओळखतो. मी तिला सगळं सांगितलं.

"आता हे मला सांगून तुम्ही त्याचा भाव वाढवलात, कळतंय ना?" ती म्हणाली. "किती वेळा साधतं त्याला?"

"पाचात दोनदा. उरलेले तीन कुठेही जातात."

"दर वेळी कधी साधेल?"

"माहीत नाही."

"साधेल तरी का?"

"तेही माहीत नाही."

"मर्ल, टॉलिव्हरचं मला माहीत आहे. तो पुढच्या मंगळवारी येईल आणि बुधवारी फटके मारेल."

"मारेलच. आणि तीन वर्षांनी छत्तीस वर्षांचा होईल."

"तीन वर्षांनी मी या नोकरीत असेन का, ते सांगा आधी."

जाळीपलीकडे अन्सेल्मो सराव करत होता, ती तिकडे निघाली. मग म्हणाली, "हेल्मेट द्या मला."

कॉलेजात ती सॉफ्टबॉल खेळलेली. अन्सेल्मो बिचकला. "कोच, बाईंना लागलं तर?"

"तर तुझी बदली नक्की," डॅना म्हणाली. "टाक."

त्याने निम्म्या जोरानेच टाकला. पहिले दोन बाहेर गेले, तिसरा पडला. तिची बॅट वीतभर वरून गेली आणि ती मोठ्याने हसली. "पुन्हा! पुन्हा टाक!" अर्धा तास ती तिथून हलली नाही. मग हेल्मेट माझ्या हातात देऊन गाडीत बसून निघून गेली.

संध्याकाळी अन्सेल्मो माझ्याकडे आला. "मला देऊन टाकणार का? आई विचारतेय, कुठल्या शहरासाठी प्रार्थना करू?"

"सध्या आयोवासाठीच कर म्हणावं."

एकतीस तारीख उलटली आणि अन्सेल्मो आमच्याकडेच राहिला. टॉलिव्हर दुसऱ्या संघात गेला, दोन महिन्यांत सतरा होम रन मारले आणि तो संघ अंतिम फेरीत पोचला. आमचा मोठा संघ तिसरा आला. वर्तमानपत्रांनी डॅनाला धारेवर धरलं. नाक्यावरच्या जेवणघरातली जोलीन माझ्यासमोर कॉफी आदळून म्हणाली, "झाला ना आमचा ऑक्टोबर कोरडा, मोठे सामने दुसऱ्यांचेच! घ्या, पिलू सांभाळत बसा."

पुढचं वर्ष तर आणखी वाईट गेलं. अन्सेल्मोचा तो चेंडू मध्येच हरवला, मग कोपर दुखावलं आणि सहा आठवडे तो बसून होता. डॅनाचे फोन यायचे. ती नुसतं विचारायची, "आज?" मी म्हणायचो, "आज नाही." एकदाही ती रागावली नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात त्याला वर बोलावलं. पहिला सामना बघायला मी पाच तास गाडी हाकत गेलो. तो हरला. या मोसमात तो अकरा सामने जिंकला, नऊ हरला. टॉलिव्हर गुडघ्यापायी गेल्या वर्षीच निवृत्त झाला. कोण बरोबर होतं यावर रेडिओवर अजून वाद चालतात. मी ऐकतो, कारण मलाही माहीत नाही.

सप्टेंबरात शहरात गेलो तेव्हा अन्सेल्मो मला त्याच्या देशातल्या लोकांच्या खानावळीत घेऊन गेला. तळलेल्या केळ्यांची थाळी आली. तो म्हणाला, "कोच, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही डॅनाबाईंना काय सांगितलंत? मी टॉलिव्हरपेक्षा मोठा होईन असं?"

"नाही. म्हटलं, मला माहीत नाही."

तो घास हातात धरून थांबला. "आणि तरी त्यांनी मला ठेवलं?"

"पुढे काय होतं ते तिला बघायचं असावं. मला तर होतंच."

"मग? बघून झालं का?"

"कुठलं? अजून तू दर सामन्यात बाहेर चेंडू टाकून चौघा फलंदाजांना फुकट पुढे सोडतोस," मी म्हटलं. तो हसत सुटला आणि मागचा सामना कुठे फसला ते मीठदाणी आणि काटे मांडून मला दाखवू लागला.